ॲपला घातलेलं गाऱ्हाणं

दुसऱ्याचं दुःख आमच्या हिच्या मामांइतक्या खणखणीत आवाजात मांडणारा माणूस कसालपासून वेंगुर्ल्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. सगळ्या गावाच्या वतीनं ते देवाला साकडं घालणार आणि प्रत्येक वाक्यामागून लोक 'व्हय महाराजा' म्हणून होकार देणार. ही सवय अंगात इतकी मुरलेली, की घरी चहा मागायचा तरी 'बा देवा महाराजा' अशी सुरुवात, आणि स्वयंपाकघरातून मामी भांडी आपटत 'व्हय महाराजा' म्हणायच्या. तो होकार ऐकून मामा बहुधा चहाचा नादच सोडून देत. आम्ही शेजारी राहतो, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण, त्यामुळे हे सगळं आम्हाला फुकट ऐकायला मिळायचं.

गेल्या साली मामी गेल्या. मामांची झोप उडाली, जेवण तुटलं, देवळाकडे फिरकणं बंद झालं. 'कसे आहात?' विचारलं की 'माका खंयची धाड भरली?' मामींचं नाव मात्र एकदाही तोंडातून निघालं नाही. शेवटी पुण्याच्या मुलानं त्यांच्या फोनमध्ये मनाच्या उपचारांचं एक ॲप घालून दिलं. ते रोज प्रश्न विचारायचं, उत्तरांवरून माणूस ओळखायला शिकायचं आणि ज्याला जो मानवेल तो उपाय सुचवायचं. मामा म्हणाले, "माका वळखूक तेका शिकूचा लागता? गावात कोणाकय इचारूक सांग!"

ॲप मोठ्या अदबीनं विचारी, 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' की मामा पडवीत मांडी ठोकून सुरू. "बा देवा महाराजा, खालच्या वाडीतल्या काकीचो गुडघो धरलो हा, तो मोकळो कर. पोस्टमनाच्या चेडवाचा लगीन जमता जमता मोडता, ता जमव. आमच्या जावयाचो राग कायम नाकाच्या शेंड्यार, तो खाली उतरव!" काय हो, माझा राग? त्या बिचाऱ्या यंत्रानं यातून जो माणूस ओळखला तो असा: गुडघा धरलेला, लग्न रखडलेलं आणि भयंकर तापट. उपाय येत, ते मामा ज्याचे त्याला इमानदारीत पोचवत. मला कुंपणावरून हाक आली, "जावईबापू, तुमचो उपाय इलो! नाकान श्वास घेवा, तोंडान सोडा." मी तोंडानं दुसरंच काही सोडणार होतो, ही शेजारी उभी होती म्हणून मामा वाचले.

"मामा, ते तुमच्याबद्दल विचारतंय," मी ओरडलो. "गावाची कुंडली कसली सांगता?"

"गाऱ्हाणा घालणाऱ्यान सोताचा सांगूचा नसता," मामा शांतपणे म्हणाले.

आता बोला! माणूस आतून झुरतोय आणि वर आम्हालाच नियम सांगतोय. मला रडू यावं इतका संताप आला.

पण यंत्रही चिकट निघालं. परवा संध्याकाळी मी अबोलीला पाणी घालत असताना पडवीतून त्याचा आवाज आला, 'तुम्ही नेहमी इतरांसाठी मागता. आज एक वाक्य स्वतःसाठी बोलाल?' एवढं मात्र ते बरोबर शिकलं होतं. मामांनी फोन पुढ्यात ठेवून हात जोडले. मग नेहमीपेक्षा पुष्कळ हळू म्हणाले, "बा देवा महाराजा... माझी बायल गेली. माझ्या शब्दाक होकार देणारा घरात कोण उरला नाय. माका ह्या घर खावक उठता."

आणि सवयीप्रमाणे होकारासाठी थांबले. फोन गप्पच होता. नवा उपाय शोधत असावा. कुंपणाअलीकडून मी म्हणालो, "व्हय महाराजा."

मामांनी वळूनही पाहिलं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा मोठ्यान म्हणा. तिचो आवाज मोठो असायचो."