मांडीतून की छातीतून?

माझ्या शहाणपणाचा हा किस्सा मी सहसा कुणाला सांगत नाही. पण तुम्ही आईची तब्येत विचारलीत, म्हणून सांगतो.

आई बासष्टची. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा आहे, फुलं अजून तीच तोडते. मागच्या हिवाळ्यात मळ्यातच चक्कर येऊन पडली. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदयाची एक झडप अरुंद झालीय, बदलावी लागेल.

वाटा दोन होत्या. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप आत बसवायची, नाहीतर छाती उघडून जुनी काढायची आणि नवी शिवायची. नळीनं केलं की माणूस लवकर हिंडूफिरू लागतो, पण ते जास्त करून फार वयस्कर, थकलेल्या पेशंटसाठी. आईची झडप जन्मापासूनच वेगळ्या घडणीची आणि अंग कष्टाचं, धडधाकट. तिच्यासाठी छाती उघडणंच बरं, असं डॉक्टरांचं मत.

छाती उघडायची म्हटल्यावर मीच घाबरलो. आईला मीच समजावतो, असं डॉक्टरांना सांगून बाहेर आलो. आणि तिला काय सांगितलं? मांडीतून नळी घालणार, टाकासुद्धा नाही!

तिनं नुसती मान हलवली.

मग एका खोट्यापायी दहा खोटी. रक्त देणारी माणसं कशाला जमवतोस, असं तिनं विचारलं. म्हटलं, नियम आहे. ॲडमिट झाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आल्या आणि ऑपरेशननंतर छातीशी उशी दाबून खोकायचं कसं, ते तिला शिकवून गेल्या. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत ना. काय बोलत होतो, माझं मलाच कळत नव्हतं.

शेवटी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. मी सही करायला हात पुढे केला. ती म्हणाली, पेशंट शुद्धीवर आहेत, सही त्यांचीच लागेल. आणि तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत छाती उघडायचं आलं.

आईनं शांतपणे सही केली.

"मला ठाव हाय. तपासाया आले तवा डाक्टरला मीच इचारलं, माझ्या जागी तुमची आई असती तर काय केलं असतं? ते म्हणले, छातीतून. मी म्हणलं, करा मग."

"मग मला बोलली का नाहीस?"

"मांडीचं सांगताना तुझा चेहरा लय घाबरला व्हता. म्हणलं, ऱ्हाऊ दे."

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर मला गोळ्या समजावू लागले, तर आईनं त्यांना थांबवलं.

"सायेब, मलाच सांगा. ह्याला सांगितलं की माझ्यापत्तोर निम्मंच येतं."