अकोल्यात तपासून पाहिलं

माझा मित्र विनायक गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा अकोल्यात दुपार होती, कूलर घरघरत होता, आणि मी अर्धवट झोपेत "बरं" म्हणालो... त्या शब्दाची अजून लाज वाटते.

अमरावतीला राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर बसून तो कर्नलमधल्या, म्हणजे संगणकाची सगळी यंत्रणा चालवणाऱ्या गाभ्यातल्या, चुका दुरुस्त करायचा. हौसेनं. जगभरची माणसं मिळून तो गाभा लिहितात. विनायकचं वेड एकच. मोठा आकडा तुकड्यांत साठवताना काही यंत्रं मोठा तुकडा आधी ठेवतात, काही लहान. एकाचं लिहिलेलं दुसरं भलतंच वाचतं. बडनेऱ्याच्या फलाटावर तो मला समजवायचा, "गाडी तीच, डबे तेच. एक जण इंजिनाकडून मोजते, दुसरा गार्डाकडून. मंग भांडण होईन नाही तं काय?" बोलता बोलता आमची गाडी निघून जायची.

मोठा तुकडा आधी ठेवणारं एक जुनं यंत्र माझ्याकडे होतं; विनायक त्याला म्हातारी म्हणायचा. दुरुस्ती लिहिली की तो पाठवायचा, "पाय बे, तुह्या म्हातारीले पचते का." मी चालवून कळवायचं, मग दुरुस्तीखाली तपासणारा म्हणून माझं नाव लागायचं.

एका उन्हाळ्यात मी म्हातारी सुरूच केली नाही. आळस, दुसरं काही नाही. "चाललं," म्हणून कळवून टाकलं. दुरुस्ती चुकीची निघाली. परदेशातल्या कुणाच्या तरी फायली वाचता येईनात. सगळ्यांदेखत विनायकला बोलणी बसली. त्यानं मला एकदाच विचारलं, "तू चालवून पाह्यलं होतं ना?"

"हो."

"मंग माहंच चुकलं असन."

आणि त्यानं माफी मागितली. त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं बोललो, हसलो... हे तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

तेरवीहून परतलो, तर त्याची शेवटची दुरुस्ती माझ्या मेलमध्ये न उघडता पडलेली. म्हातारी सुरू केली. पडद्यावर एवढ्याशा फायली डोंगराएवढ्या दिसू लागल्या, स्वप्नात वस्तू फुगाव्यात तशा. एकदा उलटलेला आकडा त्यानं पुन्हा उलटला होता. गाभा लिहिणाऱ्या सगळ्यांना लिहिलं, चाललं नाही. त्याखाली त्या उन्हाळ्याचंही लिहिलं. मग दुरुस्तीतली ती पुन्हा उलटवणारी एक ओळ काढून म्हातारी चालवली. फायली हळूहळू आपापल्या आकारात आल्या.

दुरुस्ती त्याच्याच नावानं जाणार. खाली तपासणाऱ्याचं नाव लिहायला घेतलं, थांबलो, आणि म्हातारी बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालवली.