देवघरातली सोन्याची खाण

आमच्या देवघरात एक अख्खा दिवस माझ्या मोबाइलची पूजा झाली आहे.

गुरुपुष्याला घरात गुंजभर तरी सोनं आलंच पाहिजे, हा आमच्या हिचा नेम. त्या वर्षी आमच्या मुक्ताचं लग्न ठरलं होतं. तिच्या पाटल्यांसाठी जमवलेले पैसे माझ्या खात्यात होते. ही म्हणाली, "मुहूर्त टळायच्या आत सराफ्यात जा. वाटेत बापूकडे थांबू नका."

मी बापूकडे थांबलो. (त्याचं ऑफिस सिटी सेंटरला, म्हणजे वाटेत नाहीच. पण माझी वाट तिकडून जाते.) बापू माझा शाळासोबती. स्वतः शेअरबाजारात गटांगळ्या खात दुसऱ्यांना पोहायला शिकवतो.

"पाटल्या काय घेतोस, यार? ही नवी कंपनी बघ. जमिनीत सोनं शोधतेय. लागलं की दुकानच विकत घे."

"आणि नाही लागलं तर?"

"शुभ दिवशी असं अभद्र बोलू नये."

मुहूर्त टळत होता. मी शेअर घेऊन टाकले.

घरी ही तबक घेऊन दारातच उभी. "सोनं कुठाय?"

मी मोबाइल पुढे केला. "ह्यात. हल्ली असंच मिळतं."

मुक्ताने डोकावून पाहिलं. (कॉलेजपासून तिच्या तोंडी हिंदीच.) "बाबा, ये लोग तो अभी ढूँढ ही रहे हैं. मिला कुछ नहीं है."

"तुला काय कळतंय? सोनं म्हणजे सोनं," मी दटावलं, आणि तिथेच मेलो. कारण हिचा माझ्यावर विश्वास बसला. तिने मोबाइल अन्नपूर्णेपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. "आता उद्याची पूजा होईपर्यंत ह्याला हात लावायचा नाही."

दुपारी बापू स्कूटर दामटत आला. "फोन का उचलत नाहीस? भाव कुठल्या कुठे चढलाय. विक, आत्ता विक."

फोन देवघरात वाजतच होता, आणि तो वाजला की ही हात जोडत होती. (दुसऱ्या फोनवरून विकावं, तर ओटीपी देवाकडेच जाणार.)

"अगं, मिनिटभर दे. विकतो नि लगेच ठेवतो."

"लेकीचं सोनं मोडणार? तेही गुरुपुष्याला?"

हे सोनं नाही असं सांगावं, तर सकाळी मीच छाती फुगवून सांगितलेलं. मी मुकाट्याने प्रसादाचा शिरा खाल्ला.

सकाळी पूजा आटोपून मोबाइल हाती आला तो हळदीने माखलेला. अंगठा ओळखेना. पुसून पुसून उघडला तोवर बातमी आली होती. कंपनीने खोल खोदलं, आणि सोन्याऐवजी पाणी लागलं. आमच्या कॉलनीत तीन बोअर कोरडे गेले, तिथे फिरकायला कोणाला सुचलं नाही. शेअर कोणी फुकटात घेईना.

मी हिला सगळं सांगितलं. मुक्ताकडे बघायची हिंमत होईना, खरंच लाज वाटली. ही बराच वेळ माझं निरीक्षण करत राहिली. मग म्हणाली, "साखळी काढा."

साखळीमागून अंगठी निघाली, अंगठीमागून सदऱ्याची बटणं, आणि शेवटी मुंजीतली भिकबाळी. त्या कंपनीला यंत्रं लावून जे सापडलं नाही, ते हिने माझ्या अंगावर चहा निवायच्या आत शोधलं. पाटल्या झाल्या, लग्नही थाटात झालं. फक्त फोटोत मी सगळीकडे ओठ घट्ट मिटून उभा आहे. लोकांना वाटतं, लेकीच्या वियोगाने बाप गहिवरलाय. पण माझ्या एका दाढेवर सोन्याची टोपी आहे, आणि तेवढं हिला अजून सापडलेलं नाही.