दुफीने बांधलेले हातमोजे

दुफीबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. परवा एका टॅक्सीवाल्याने विचारलं, "तीच ना ती, भावाचे हात बांधणारी?" मी हातातला बोल्ट त्याच्या बॉनेटवर आपटला. म्हटलं, गाडी काढ आणि चालता हो. ज्याने काही बघितलं नाही त्याने तोंड उघडू नये.

मी सगळं बघितलंय. सुआमे मॅगझिनमध्ये, म्हणजे आमच्या गॅरेजांच्या वस्तीत, माझी जुन्या नट-बोल्टांची टपरी आहे आणि अगदी समोर, रस्त्यापलीकडे, बोआदीची शेड. बोआदी गिअरबॉक्सचा मेस्त्री. दुफी त्याची थोरली बहीण. शेडच्या एका कोपऱ्यात तिची घमेली, भुशाचं पोतं आणि वाळत घालायची दोरी. आमच्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या मेस्त्र्यांचे हातमोजे ती धुवायची.

धुवायची म्हणजे कसं? आधी बोथट सुरीने ग्रीस खरवडायचं. मग लाकडाचा भुसा चोळायचा. तेल पिऊन तो काळा झाला की झटकायचा, पुन्हा नवा घ्यायचा. मग कोमट पाणी आणि कोकोच्या सालींच्या राखेचा काळा साबण. मोजा उलटा करून आतून जास्त धुवायचा. "हात आत असतो की बाहेर?" असं विचारायची ती. वाळवायचे सावलीत, नाहीतर चामडं कडक होतं आणि बोटं सोलतं. या सगळ्याला वेळ लागायचा आणि मेस्त्री कावायचे.

"दुफीताई, पेट्रोलमध्ये बुचकळले की लगेच लख्ख होतात!"

"मग जा, बुचकळ. पण पेट्रोलचा वास मारणारा मोजा माझ्यापुढे आणलास तर तोंडावर फेकीन. एका माणसाला पुरून आलेय मी त्यापायी."

खोटं नव्हतं ते. तिचा नवरा आसियामाही मेस्त्रीच. रोज संध्याकाळी पेट्रोलने हात धुवायचा. धुवून धुवून कातडी कोरडी पडली, भेगा पडल्या, आणि मोज्यांत मनगटाकडून ओघळणारं काळं तेल त्या भेगांत मुरत गेलं. आधी एक बोट काळं पडलं, मग हात सुजला, मग ताप चढला आणि माणूसच गेला. तेल मनगटातून शिरतं, हे तेव्हापासून दुफीच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

म्हणून तिने पट्ट्यांची युक्ती काढली. टायरच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापायच्या आणि मोज्याच्या तोंडावर, मनगटाभोवती ओढून ओढून गुंडाळायच्या, टोक आत खोचायचं. थेंब आत जाणार नाही. बघता बघता गल्लीतले जवळजवळ सगळे मेस्त्री तिच्याकडून पट्ट्या बांधून घ्यायला लागले. ट्यूबची पट्टी नसलेला मेस्त्री आमच्याकडे अडाणी ठरायला लागला.

रोज सकाळी बोआदी तिच्यासमोर स्टुलावर बसायचा आणि दोन्ही हात पुढे करायचा. एवढा दांडगा बाप्या, पण बहिणीपुढे गरीब गाय. ती त्याच्या हातांना शियाच्या बियांचं लोणी चोळायची, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, नखांच्या कडांनासुद्धा. मग मोजे चढवायची. मग पट्ट्या.

"घट्ट बांध, ताई."

"रक्त थांबेल रे मेल्या."

"थांबू दे. तेल नको शिरायला."

रोज हेच बोलणं. आईबाप लवकर गेले, नवरा गेला, मूल झालं नाही. तिचं जे काही होतं ते त्या दोन हातांत होतं. गिअरबॉक्सवर नुसती बोटं फिरवून बोआदी कुठला दात झिजलाय ते सांगायचा. त्या हातांवर दोघांची चूल पेटायची.

त्या वर्षी हरमॅटनचा कोरडा वारा लवकर सुटला. वाळवंटाची धूळ आली, सूर्य पांढुरका झाला, सगळ्यांचे ओठ फुटले. दाराच्या लोखंडी कडीला हात लावला तरी चट्कन् झटका बसायचा. हवेत ओलावा म्हणून नाही. अशा दिवसांत मॅगझिनमध्ये मला बसवत नाही. जिकडेतिकडे पेट्रोलच्या उघड्या पराती, आणि त्यांच्या शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या. पण सांगायचं कुणाला? हसतात.

त्याच आठवड्यात आन्त्वीचा मोजा पेटला. हा आन्त्वी रेडिएटरवाला, पट्ट्यांची टिंगल करणारा एकटाच. "मी काय कोंबडी आहे, पाय बांधून विकायला?" म्हणायचा. मोजे पेट्रोलमध्ये धुवायचा. वेल्डिंगची एक ठिणगी उडाली आणि भक्कन् ज्वाळा आली. त्याने हात झटकला, मोजा उडून गटारात पडला, वाफ निघाली. आन्त्वी फिदीफिदी हसत सुटला.

"बघितलंत?" दुफी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. "हे तुमचं पेट्रोल!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पेट्रोल वाईट, एवढंच आम्ही बघितलं. मोजा हातातून सुटला कसा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी बोआदीच्या शेडमध्ये एक ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची मिनीबस, उभी होती. शनिवारी एका गावच्या राणीआईचं मोठं उत्तरकार्य होतं आणि इथले नातेवाईक त्याच गाडीने जाणार होते. दुखवट्याचे काळे-तांबडे कपडे शिवून तयार. गाडी संध्याकाळपर्यंत देतो, असा बोआदीने शब्द दिलेला. मयताच्या कामात शब्द मोडला तर आमच्याकडे माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स चढला, पण चढवताना सगळं तेल त्याच्या हातांवर सांडलं. मोजे निथळत होते. दुसरी जोडी दुफीच्या घमेल्यात, साबणात. राहिलं होतं एकच काम: सायलेन्सरचा तुटलेला पट्टा जोडायचा. बोआदीने तो धरायचा आणि एन्ती वेल्डरने खालून टाका मारायचा.

"ताई, झाले का मोजे?"

"अजून साबण सुटायचाय. उद्या मिळतील."

"उद्या मयत आहे!"

"मग साबणाला सांग तसं," ती म्हणाली आणि शिंकली. चार दिवस धुळीने तिचं नाक चोंदलेलं होतं. सकाळीच मला म्हणाली होती, मासळीच्या रश्श्याचासुद्धा वास येत नाही गं.

बोआदी शेडच्या मागे गेला. परत आला तेव्हा मोजे हातात चढवलेले, स्वच्छ. येऊन स्टुलावर बसला आणि हात पुढे केले.

"ओले आहेत रे," दुफी म्हणाली. "आणि किती गार!"

"पाण्याने धुतले. घाई आहे ना."

"नुसत्या पाण्याने? तेल जातं होय पाण्याने?"

"तू साबण घालत बस, मी गाडी देतो. बांध लवकर. एन्ती थांबलाय."

तिने त्याच्याकडे बघितलं. मी समोरूनच बघत होते. मला वाटलं, आता ही काहीतरी विचारणार. पण भावाने आजवर तिला कधी थाप मारली नव्हती. तिने पट्टी घेतली, ओढली, गुंडाळली.

"घट्ट बांध, ताई."

तिने घट्ट बांधलं.

पुढचं मला सांगवत नाही, पण अर्धवट ऐकून लोक काहीबाही बोलतात म्हणून सांगते. एन्तीने टाका मारला. निळा प्रकाश पडला आणि त्याच क्षणी बोआदीचे दोन्ही हात पेटले. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. हात झटकतोय, आन्त्वीसारखेच झटकतोय, पण मोजे निघेनात. दुफी धावली. तिने पट्टीचं टोक शोधलं, पण ते तिनेच आत खोचलेलं. रबर वितळायला लागलं. तिने नखांनी ओढलं, दातांनी ओढलं. मी वाळूचं घमेलं घेऊन धावले, एन्तीने ओलं पोतं टाकलं. आग विझली. पट्ट्या नाही सुटल्या. त्या दवाखान्यात कापल्या, आणि मोज्यांबरोबर काय निघालं ते मी बोलणार नाही.

शेडच्या मागे पेट्रोलची परात तशीच होती, मोज्यांच्या तेलाने काळी झालेली. आन्त्वी तिथे उभा राहून म्हणाला, "माझे सैल होते." एवढंच म्हणाला. त्यानंतर मी त्याला हसताना बघितलेलं नाही.

संध्याकाळी दुफी दवाखान्यातून परत आली. तिच्या बोटांना फडकी गुंडाळलेली, ओठ भाजलेले. खरवडायची बोथट सुरी टाकली, माझ्याकडून धारदार मागून घेतली आणि शेडमागून शेड हिंडली. जिथे पट्टी दिसली तिथे कापली. मेस्त्री आपणहून हात पुढे करत होते.

"अगं, तुझा काय दोष?" मी म्हटलं. "तो खोटं बोलला."

"पाणी इतकं गार नसतं गं," ती म्हणाली. "माझ्या हाताला कळलं होतं. मी बांधलं तरी."



आता ती पुन्हा मोजे धुते. भुसा तोच, साबण तोच. बांधायला मात्र सुती चिंधी, एका ओढीत सुटणारी. सुटली का ते समोर उभं राहून बघते, मगच माणसाला जाऊ देते. तेल थोडं आत जातं. कुणी तक्रार करत नाही.

बोआदी घरी आला तेव्हा हरमॅटन संपला होता. हातांच्या जखमा भरल्या, पण बोटं आत वळून चिकटली ती कायमची. पहिल्याच सकाळी तो शेडमध्ये आला आणि आपल्या स्टुलावर बसला. दुफीने शियाचं लोणी घेतलं. मनगटापासून सुरुवात केली, मिटलेल्या बोटांपर्यंत हळूहळू चोळत गेली. नखं नव्हतीच, तरी कडांपर्यंत गेली. चोळून झालं तरी त्याने हात मागे घेतले नाहीत. रस्त्याकडे बघत होता, गाड्या येत-जात होत्या.

"घट्ट बांध, ताई," तो म्हणाला. सवयीने निघून गेलं तोंडून. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

दुफीने त्याची दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरली, अगदी सैल.

"बांधलं रे," ती म्हणाली. "बांधलं."