विमामामांची दिव्याची पाटी

विमामामा एखाद्या इमारतीसमोर थांबून वर बघू लागले की तिथल्या माणसांची बोलणी थांबत. मामा आले म्हणजे इमारत जाणार, असा भिवंडीत समज होता. त्याला कारण मामांचा नियमच होता. राहत्या इमारतीवरची पाटी ते काढत नसत. शेवटचं बिऱ्हाड निघालं, की शिडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर.

ते मूळचे अंबाडीचे. नोकरीचा सगळा काळ विम्याचे एजंट. पुढे बंद पडलेल्या विमा कंपन्यांच्या इनॅमलच्या पाट्या जमवू लागले. लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भाजलेल्या या जाहिराती जुन्या गोदामांवर आणि लूमच्या कारखान्यांवर तेव्हा सापडत. मी स्थानिक दैनिकात होतो. कुठली इमारत पाडणार, हे आमच्याकडे लवकर कळे. ओळख तेवढ्यावरच झाली.

त्यांच्या खोलीत पाट्यांमुळे भिंत दिसत नसे. "बघ, दिवा हाय, छत्री हाय, वडाचं झाड हाय. मरण कुठं लिवलंय का? न्हाय. मी पण पॉलिसी विकताना तो शब्द कधी काढला न्हाय." मग चहाचा घोट घेऊन म्हणत, "कंपन्या मेल्या, दिवा अजून लागलेलाच हाय."

कुठल्याही पाटीजवळ गेले की आधी स्क्रूंभोवती बोट फिरवत. "काच वाकत न्हाय. भिंत सरकली की पयली हीच तडकते." जुन्या तड्यातला पत्रा गंजून काळा पडतो. नव्या तड्यात तो चमकतो.

बाजारामागे एक दुमजली कारखाना होता. खाली लूम, वर कामगारांची बिऱ्हाडं, दर्शनी भिंतीवर हिरवी, दिव्याची पाटी. ही पाटी मामांना फार वर्षांपासून हवी होती आणि ते कुणापासून लपलेलं नव्हतं. एका उन्हाळ्यात तिच्या दोन स्क्रूंभोवती पत्रा चमकताना दिसला. मामांनी कारखान्याच्या सेठना बोलावून दाखवलं.

सेठ हसले. "पाटी चाहिए तो सीधा बोलो ना मामा. उसके लिए बिल्डिंग क्यों गिराते हो?"

वरच्या गॅलरीतून शबनमभाभी म्हणाल्या, "मामा को हर घर में मय्यत दिखती है. चाय पिलाओ इनको!"

मी बातमी लिहिली. इंजिनिअरचा अहवाल जोडलेला नसल्याने ती छापली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी, शिफ्ट बदलायच्या वेळी, मामांनी त्याच भिंतीला शिडी लावली.

"अरे, लोग रहते हैं इधर!" सेठ ओरडले.

"म्हणूनच काढतोय."

पहिला स्क्रू खाली पडला. कामगार बाहेर येऊन बघू लागले. आत एकेक लूम बंद होत गेला. पाटी उतरली. मग शबनमभाभींनी मुलीला कडेवर घेतलं आणि गादीची गुंडाळी जिन्यावरून खाली ढकलली. संध्याकाळपर्यंत वरचा मजला रिकामा झाला.

पावसाळ्यात ती भिंत रस्त्यावर आली. आत कुणी नव्हतं.

मामांचे आभार मात्र कुणी मानले नाहीत. ते गल्लीत शिरले की दारं लागू लागली. टपरीवाला चहा देई, पण बाकावर बसू देत नसे. "माझी नजर काळी झाली म्हणतात," एवढंच ते मला एकदा बोलले. पुढे त्यांनी फिरणं सोडलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या पुतण्याने दिव्याची पाटी मला आणून दिली. निरोप होता, "चारी स्क्रू घट्ट बसव. ढिली पाटी काय सांगत न्हाय."

मी ती आमच्या इमारतीच्या जिन्यात लावली. येणारा-जाणारा ती ओळखतो. मुलं तिला हात लावत नाहीत. तिचे जुने दोन्ही तडे आता काळे पडले आहेत. गेल्या आठवड्यात तिसऱ्या स्क्रूभोवती पत्रा चमकताना दिसला. सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला. "तुम्हाला मामांची सवय लागली," ते म्हणाले.

आज सकाळी मी शिडी आणली. ती जिन्यात टेकवली, आणि वरच्या मजल्यावरची बोलणी थांबली.