गोधडीतलं लोणी

मी लोणी खात नाही. तूप खाते, ताक पिते, दही तर मला दोन्ही वेळा लागतं. पण लोण्याचा गोळा समोर आला की जिभेच्या मुळाशी पाणी सुटतं, आणि ते चवीचं पाणी नसतं, ओकारी यायच्या आधीचं असतं. जिथं जाईन तिथं लोक आग्रह करतात. घरचं आहे, ताजं आहे, बोटभर घ्या. आग्रह करणाऱ्यांचं काय जातंय? त्यांनी माझ्या सासऱ्यांची गोधडी पाहिलेली नाही.

माझं सासर पिंपळगाव राजाच्या बाजूचं, माहेर मोताळ्याकडचं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा, पण आमच्या घरचा कारभार सासऱ्यांच्या खाटेवरून चालायचा. काळी कसदार जमीन, घर भरेल एवढा कापूस आणि दावणीला एकापेक्षा एक म्हशी. कापसाच्या गाड्या खामगावला जायच्या आणि येताना सरकीची पोती घेऊन यायच्या. ती सगळी सरकी म्हशींच्या पोटात. दूध घट्ट, सायही भाकरीसारखी जाड. पण सरकीवरच्या म्हशीचं लोणी कडक निघतं, हे ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला कोणी सांगायला नको. माझ्या माहेरची जनावरं डोंगरातल्या गवतावर चरायची, त्यांचं लोणी बोटानं सारवता यायचं. इथं हिवाळ्यात गोळ्यावर चमचा आपटला तर चमचाच वाकायचा.

दुसऱ्या कुठल्याही घरानं ते लोणी कढवून तूप केलं असतं आणि विषय मिटवला असता. पण सासऱ्यांना तूप चालत नसे. "तूप म्हंजे मेलेलं लोनी," असं ते म्हणत. त्यांच्या तोंडात दात नव्हते. सकाळी उडदाची कळण्याची भाकरी घ्यायची, तिच्यावर कच्चं लोणी फासायचं आणि हिरड्यांनी चघळत बसायचं, हा त्यांचा नेम. कडक लोणी फासायला गेलं की भाकरीचे तुकडे व्हायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. म्हणून त्यांनी, खरं तर त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला, एक उपाय धरला होता. लोण्यानं भरलेला पितळेचा गडवा ते रात्री आपल्या गोधडीत घेऊन झोपत.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला कोणी हे सांगितलं नव्हतं. सकाळी मला पाया पडायला नेलं. सासरे खाटेवर बसलेले, अंगावर ती गोधडी. तिला कधी धुतल्याची खूण नव्हती. वरच्या बाजूला डोक्याचं तेल, मध्ये घाम, खालच्या बाजूला काय ते मी सांगत नाही. त्यांनी पांघरुणाच्या आतून, मांड्यांच्या मधून, तो गडवा काढला. गडव्याची कल्हई कधीच उडालेली, काठाला हिरवं कळकलेलं. त्यात अंगठा खुपसला आणि लोण्यानं माखलेला अंगठा माझ्यापुढे धरला.

"घे सूनबाई. ह्या घरचा परसाद हाये."

त्याच अंगठ्यानं ते तळहातावर तंबाखू मळत. नखात चुना बसलेला असे. मी पदर सावरायचं निमित्त करून हात पुढे केला. अंगठा तळहातावर निपटला गेला. ते कोमट होतं. माणसाच्या अंगाइतकं कोमट. त्यात एक पांढरा केस होता. सगळ्यांच्या देखत ते तोंडात घालावं लागलं आणि घातलं. घामाचा, तंबाखूचा, आंबलेल्या सायीचा आणि म्हाताऱ्या माणसाच्या झोपेचा असा एक वास घशातून नाकात चढला. मी ते गिळलं कसं ते माझं मला माहीत. नंतर न्हाणीत जाऊन घशात बोटं घातली.

हे एक दिवसाचं असतं तर मी विसरले असते. पण त्या घरात बायकांना लोणी मिळायचं ते असंच. रोज सकाळी सासूबाई भाकरी हातात घेऊन खाटेजवळ जात, सासरे प्रत्येकीच्या नावानं अंगठा ओढत, आणि ती भाकरी सासूबाई आत आणून वाटत. ताक आम्ही घुसळायचं, रवीच्या दोरीनं हातांना घट्टे आम्हाला पडायचे, गोळा निघाला की तो सरळ गडव्यात आणि गडवा गोधडीत. मी माझी भाकरी गुपचूप कुत्र्याला घालायची. कुत्रं मात्र खूश होतं.

एकदा दौऱ्यावरचा कोणी सरकारी माणूस बुलढाण्याहून आला होता. कोट, घड्याळ, सगळा थाट. ओसरीवर त्याचं ताट मांडलं. सासऱ्यांनी आपल्या हातानं त्याच्या भाकरीवर लोणी फासलं. त्यानं खाल्लं, बोटं चाटली आणि विचारलं, "एवढ्या थंडीत लोणी इतकं मऊ कसं हो राहतं तुमच्याकडे?" सासरे नुसते हसले. मी दाराआड उभी होते. मला त्या माणसाची कीव आली, आणि त्याच्या चाटलेल्या बोटांची शिसारी.

मला शिसारी यायची ती माझ्यापुरती होती तोवर मी ती गिळत राहिले. मग माझी थोरली जाऊ बाळंत झाली. तिला माहेर नव्हतं, आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. ऐन थंडीचे दिवस. मुलगी झाली. जाऊ आधीच वाळून गेलेली, आता तर नुसती हाडं उरली होती. तिच्या अंगावर दूध येईना. पोर रडून रडून निळी व्हायची. सुईण म्हणाली, हिच्या पोटात स्निग्ध जाऊ द्या, नाहीतर पोर हातची जाईल. सासऱ्यांनी ते ऐकलं. ते कंजूष नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी बाळंतिणीचा वाटा वाढवला. तिच्या भाकरीवर ते आता अंगठा दोनदा ओढू लागले.

जाऊ घास तोंडात घ्यायची आणि ओकायची. आधी खाल्लेलंही त्याबरोबर बाहेर पडायचं.

"काऊन वं, निसतं पाहूनच तुले कसंतरी होऊन राह्यलं?" मी विचारलं.

"माय, त्याले मामाजीचा वास येते," ती म्हणाली. "मी डोये मिटले तरी मले ते खाटच दिसते. पोरीसाठी खाते म्हनलं तरी गया बंद होते."

म्हणजे मी एकटी नव्हते. इतके दिवस आम्ही दोघी शेजारी बसून आपापली ओकारी दाबत होतो आणि एकमेकींना बोललो नव्हतो. मला त्या घराचा राग आला, पण त्याहून जास्त आमच्या चांगुलपणाचा आला.

मी सासूबाईंना गाठलं. माझ्या आईची रीत सांगितली. लोण्याचा गोळा मातीच्या गाडग्यात पाण्यात बुडवून ठेवायचा. हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी कोमट निघतं, नुसत्या वाफा येतात त्याला. ते ताजं पाणी काढून गाडग्यातलं बदलायचं. थोड्या वेळानं लोणी असं मऊ होतं की भाकरीवर बोटानं पसरावं. ना चूल, ना पांघरूण. शिवाय पाण्यानं आंबूसपणा निघून जातो, लोणी पांढरं राहतं.

सासूबाई कधी कोणाला नाही म्हणत नसत आणि कधी कोणाला हो म्हणत नसत. पण पोरीच्या रडण्यानं त्यांचीही झोप गेली होती. त्यांनी दाराशी उभं राहून, पदर ओढून, सासऱ्यांना सांगितलं. सासरे म्हणाले, "करू द्या बरं. पाहू काय करते ते."

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच मी विहिरीवर गेले. गाडगं नवं, पाणी वाफाळतं. उजाडल्यावर सासूबाईंनी गाडगं त्यांच्यापुढे नेलं. मी दाराआडून बघत होते. जसं काही माझीच परीक्षा होती. सासऱ्यांनी अंगठा घातला, भाकरीवर ओढला, चघळलं. परत ओढला. चेहरा खुलला.

"वा. मऊ हाये. चांगलं केलं सूनबाईनं."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच भिंतीला टेकले. आता जावेच्या घशाखाली घास उतरणार, असं धरून मी चाललेसुद्धा होते. तेवढ्यात त्यांनी गाडग्यातला गोळा पाण्याबाहेर काढला, हातानं दाबून पाणी झटकलं, गडव्यात भरला आणि गडवा परत गोधडीत सारला.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "ते पान्यात राहू द्या म्हनते सूनबाई. चुलीपाशी ठेवलं तं मऊच राहीन."

"चुलीपाशी ठेवाचं?" सासरे म्हणाले. "तिथं सगळ्याहिचे हात लागतेत."

सगळ्यांचे हात. ज्या हातांनी शेण काढलं, दूध काढलं, रवी फिरवली, ते हात लोण्याला लागतील म्हणून लोणी मांड्यांत ठेवायचं. तेव्हा मला कळलं की हा माणूस लोणी मऊ ठेवत नव्हता. तो लोण्यावर झोपत होता. मऊ ते आपसूक व्हायचं. लोण्याच्या वासापेक्षाही मला मग त्या विचाराची किळस वाटली, आणि ती किळस अजून गेलेली नाही.

त्या दिवसापासून मी चोरी सुरू केली. मला तिची लाज नाही. घुसळणं माझ्याकडे होतं. पुरुषमाणूस रवीला हात लावत नाही, ताक किती आणि लोणी किती हे त्याला काय कळतंय. थंडीत लोणी नीट येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी तेवढंच म्हणायची, "आज लोनी कमीच आलं." अर्धा गोळा गडव्याला, अर्धा न्हाणीमागे ठेवलेल्या गाडग्यात. पहाटे विहिरीवर तर मला जावंच लागायचं.

पहिल्या दिवशी जावेसमोर भाकरी धरली तेव्हा तिनं आधी वास घेतला. मग आणखी एकदा घेतला. मग खाऊ लागली. सगळी भाकरी तिनं संपवली. ताटलीत पडलेला चुरासुद्धा तिनं बोटानं टिपून खाल्ला. सासऱ्यांच्या अंगठ्याची भाकरी मी पदराखाली घेऊन बाहेर गेले आणि कुत्र्याला दुप्पट मिळाली. हळूहळू जावेच्या अंगावर दूध येऊ लागलं. पोर पिऊन झोपू लागली. सासरे ओसरीवरून सगळ्यांना सांगत, पाहा, अंगठा दोनदा ओढला म्हणून नात वाचली. मी दात ओठ खात भांडी घासायची.

एका सकाळी मी गाडग्यातलं पाणी बदलत होते आणि मागे सासूबाई उभ्या. कधी आल्या कळलंच नाही. मी गाडगं झाकायला गेले तर त्यांनी हात धरला. आता त्या सांगतील, मला माहेरी पाठवतील, जाऊ परत ओकायला लागेल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"आत्याबाई, तिच्यासाठी हाये," मी म्हणाले. "पोरीसाठी. तुम्ही त्याहिले सांगू नका."

त्या खाली बसल्या. गाडग्यात बोट घातलं, लोणी काढलं, पांढरं स्वच्छ लोणी, आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटून बराच वेळ चाखत राहिल्या. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. मलाच रडू येऊ लागलं होतं.

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर नुसता गोंधळ.

"याले तं काहीच वास नाई वं," त्या म्हणाल्या. "हे लोनीच हाये ना?"

"हाव, लोनीच हाये. लोन्याले असाच वास असते."

"असंन बाप्पा." त्यांनी तोंडातलं बाजूला थुंकलं आणि बोट गवताला पुसलं. "मले नाई जमत हे. तिले देत जाय तू. मी नाई सांगत कोनाले."

मग उठल्या आणि आत गेल्या, कारण सासऱ्यांची हाक आली होती. मी गाडगं झाकून त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. त्यांच्या हातात त्यांची भाकरी होती. सासऱ्यांनी गोधडीतून गडवा काढला आणि भाकरीवर अंगठा ओढला. सासूबाईंनी तिथंच उभ्याउभ्या घास मोडून तोंडात घातला, आणि त्यांचा चेहरा निवळला. त्या घरात आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.