वाणात दिलेला टेलिमार्क

इथे इंग्लंडात, आमच्या मिल्टन कीन्समध्ये नखभर बर्फ पडला की शाळा बंद, बस बंद आणि माझा मुलगा घरूनच काम करतो. त्याच गावात एका मोठ्या शेडमध्ये यंत्राने बर्फ पाडून त्याचा उतार केलेला आहे. लोक तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा जाऊन पडतात. माझी सून दर मंगळवारी संध्याकाळी जायची.

साध्या स्कीवर तिचं भागलं नाही. साध्या स्कीत अख्खा बूट घसरायच्या लांब पट्टीला घट्ट बसवतात. हिच्या टेलिमार्कमध्ये बूट फक्त पुढून अडकवायचा, टाच मोकळी. वळायचं असलं की एक पाय पुढे, एक मागे, आणि मागचा गुडघा बर्फाला टेकेल इतका वाकवायचा. नॉर्वेकडची जुनी रीत म्हणे. गावातल्या काही हौशी लोकांनी मिळून त्या रीतीची शाळा काढली होती. शिकवणारा एक इंग्रज म्हातारा. आमच्या लहानपणी सोवळ्यातली माणसं बाकीच्यांकडे बघायची, तसा तो साध्या स्कीवाल्यांकडे बघायचा. "टाच बांधली की माणूस बांधला," असं तो सांगायचा. सून ते घरी येऊन मला सांगायची, आणि पोळ्या लाटता लाटता तिचा एक पाय मागे जायचा.

पण शाळेत शिकायला माणसं नव्हती. उताराच्या मालकांनी सांगितलं, फेब्रुवारी संपेपर्यंत नवीन दहा जण आणा, नाहीतर मंगळवारचा तास वाढदिवसाच्या पार्ट्यांना देऊ. सुनेचा चेहरा पडला. दिवसभर ऑफिसात ती लोकांच्या चुका निस्तरायची, संध्याकाळी घरी आमच्या. मंगळवारी मात्र हसत यायची, आणि बुधवारभर माझ्याशी बरं बोलायची. त्यामुळे तो वर्ग मलाही हवा होता. स्कीचं मला काही पडलं नव्हतं.

संक्रांत आली. सून म्हणाली, "आई, या वर्षी वाण म्हणून मी टेलिमार्कचा पहिला धडा लुटणार आहे. शाळा फुकट देतेय."

"अगं, वाण हातात धरता आलं पाहिजे. गाळणी दे, वाटी दे."

"त्यांच्याकडे वाट्या कमी आहेत का?"

"लागतात म्हणून देतं का कुणी?"

तिने ऐकलं नाही. व्हाउचर छापले, लाल पाकिटांत घातले, वर स्वतःच्या अक्षरात ‘तिळगूळ घ्या’ लिहिलं. हळदीकुंकवाला मराठी मंडळातल्या बायका आल्या. मी विधवा, कोपऱ्यात बसून तिळगूळ खाते. तिथून सगळं नीट दिसतं.

"अय्या, किती वेगळं वाण!" सगळ्या म्हणाल्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी पाकीट दोन बोटांनी दाबून पाहिलं. "यात काय आहे गं? हाताला काही लागत नाही."

"धडा आहे, ताई."

"कसला?"

"बर्फावर घसरायचा."

"तो मला येतो. मागच्या हिवाळ्यात तुमच्याच दारात घसरले होते."

सगळ्या हसल्या, पाकिटं पर्समध्ये गेली. मंगळवारी कुणी आलं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही.

रथसप्तमीच्या आधी लंडनकडे, स्टॅनमोरला एका घरी बोलावणं होतं. ती यजमानीण आमच्याकडे आलेलीसुद्धा नव्हती. तिने सुनेच्या हातात वाण ठेवलं: लाल पाकीट, वर हिचंच अक्षर. कुठकुठची घरं फिरून आलं होतं कोण जाणे. फोडलेलं नव्हतं.

"आई, एकीनेसुद्धा उघडलं नाही," गाडीत ती म्हणाली.

"आलेलं वाण आपण वापरतो का? पुढच्या घरी देतो. तुझ्या कपाटातल्या वाट्या बघ."

त्या संध्याकाळी तिने रागाच्या भरात मंडळाच्या सगळ्या बायकांना ईमेल केला. ज्यांना धडा नको असेल त्यांनी कृपया पाकीट परत करावं, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. इंग्रजांत हे सभ्य असेल. आमच्यात दिलेलं वाण परत मागणं म्हणजे जेवायला बसवून पुढ्यातलं ताट ओढणं.

सकाळी अध्यक्षीणबाईंचा फोन आला. मीच घेतला.

"काकू, सुनेला सांगा, वाण परत करायची वेळ आमच्यावर आणू नकोस म्हणावं. मंगळवारी सगळ्या येतोय."

"या की. गुडघे घेऊन या."

आणि आल्या. एकीचं पाकीट लेस्टरला जाऊन पोचलं होतं, ते तिने मागवून घेतलं. नवरे कोट सांभाळत कठड्याला उभे राहिले. मी काचेमागे चहा घेत बसले. बायका रागाने वाकत होत्या, पडत होत्या, आणखी रागाने उठत होत्या. अध्यक्षीणबाई आडव्या झाल्या तेव्हा त्यांचे यजमान ओरडले, "अगं, राहू दे आता. आपलं काम नाही ते."

त्या उठल्या. "तुम्ही गप्प बसा," म्हणाल्या, आणि सुनेला विचारलं, "पुढच्या मंगळवारी किती वाजता?"

त्यांनी विचारल्यावर बाकीच्या कशा मागे राहणार? दहा नावं तिथल्या तिथे भरली. म्हाताऱ्याला वाटलं, मोकळ्या टाचेचं त्याचं तत्त्वज्ञान सगळ्यांना पटलं. त्याने काचेतून मला अंगठा दाखवला. मीही दाखवला.

वर्ग टिकला. आम्हाला मात्र त्यानंतर कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मंगळवारी त्याच बायका हेल्मेट घालून ओळीने उभ्या राहत. सुनेशी एक अक्षर बोलत नसत, पण ती "गुडघा" म्हणाली की सगळ्या एकदम वाकत.